मागून हाक

मी हाक मारली आणि हरिणी वळली नाही. झालं एवढंच. आमच्या गावातल्या महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर ती पाठमोरी उभी होती, शाळेचं दप्तर पाठीवर, सकाळी मीच घातलेली वेणी निम्मी सुटलेली, आणि मी वर रस्त्याच्या कडेला, हातात भाजीची पिशवी. पहिली हाक सहज मारली, चल घरी म्हणून. दुसरी जरा रागानं. गजरे विकणारा माणूस वळला, स्कूटरवरची एक बाई वळली, मंडपाच्या सावलीत बसलेली शेळीसुद्धा वळली. माझी मुलगी तेवढी वळली नाही. तिची मान ताठ झालेली मला दिसली, म्हणजे ऐकू आलं होतं. मग तिसरी हाक माझ्या तोंडून अशी काही निघाली की ती माझी मलाच ओळखू आली नाही, आणि निघाली ती घरच्या भाषेत, "हरिणी गे!" आम्ही तंजावरकडचे मराठी लोक, घराबाहेर तमिळ बोलतो. मराठी उंबरठ्याच्या आत. हे आमच्यात कोणी कोणाला शिकवत नाही, चपला बाहेर काढाव्यात तसं ते आपोआप होतं. त्या तिसऱ्या हाकेनंतर थोडा वेळ गेला, मग हरिणीनं खांदे सैल सोडले, हसत वळली आणि वर आली. तिची मैत्रीण शिवकामी मंडपाच्या खांबाआडून फोन खाली करत पुढं झाली. "आंटी, सुपर!" ती म्हणाली. काय सुपर, ते काही मला कळलं नाही.

हाकेला ओ न मिळणं माझ्या अंगवळणी नाही. हाका मारणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. गावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बाहेर बसते आणि ज्याची पाळी आली त्याचं नाव पुकारते. बाकांवर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं डोळे मिटून बसलेली असतात, दारासुरमचे विणकर, तिरुनागेश्वरमच्या देवळातले म्हातारे भटजी, भाताच्या शेतावरून आलेल्या बाया. मी नाव घेते आणि त्यांतलं एक माणूस डोळे न उघडता उठतं, हात पुढं करून माझ्या आवाजाच्या रोखानं चालू लागतं. माझा नवरा मुरली माझं नाव घेऊन थट्टेनं म्हणतो, भवानीच्या हाकेनं आंधळेसुद्धा उठून चालतात, आम्ही डोळस मात्र झोपलेलेच बरे. इतकी वर्षं मला त्या उठून येणाऱ्या माणसांचं कधी नवल वाटलं नव्हतं. हाक मारली की माणूस येतं, त्यात काय मोठंसं. त्या संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मुलीच्या मागं चालताना मला पहिल्यांदा वाटलं की ती माणसं येतात ही त्यांची मेहेरबानी आहे. आणि भीती वाटली.

"ऐकूं आलं नाही कां गे तुज?" घरात पाऊल टाकल्याबरोबर मी विचारलं.

"आलं की आई. ऐकूं आलं म्हणूनच तर वळलें नाही." ती पाय धूत होती. "खेळ आहे तो. तिरुंबादे. समद्या पोरी खेळतात."

तिरुंबादे म्हणजे तमिळमध्ये वळू नकोस. "आईनं हाक मारली तरी वळायचं नाही? हा खेळ?"

"हाच खेळ."

"कोणी काढला हा?"

"कोणी काढला नाही. आला." एवढं बोलून तिनं टॉवेल घेतला. मुरली ताक घातलेला भात कालवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "लेकरं खेळतात, खेळूं दे. चार दिवस जालें की दुसरं काय तरी येईल." त्याला सगळंच चार दिवसांचं वाटतं. लग्नसुद्धा त्यानं बहुधा त्याच हिशेबानं केलं असावं.

रात्रीची भांडी पुसताना हरिणीनंच सगळं सांगितलं, डोळे असे चमकत होते की रागावणं मला जमेना. पाण्याकडं तोंड करून उभं राहायचं. मागून आपल्याच आईनं हाक मारली पाहिजे, आणि तिला यातलं काही ठाऊक असता कामा नये. मैत्रिणीनं ते फोनवर टिपायचं. पहिल्या हाकेला वळलीस तर जन्मभर उंबरठ्याच्या आत. दुसरीला वळलीस तर जाशील, पण लौकर परत येशील. तिसरी हाक पाठीवर झेललीस आणि वळली नाहीस, तर जिथं जायचं म्हणशील तिथं जाशील. हरिणीला बारावी झाल्यावर कोइंबतूरला जायचंय, कापडावरच्या नक्ष्या शिकायला. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. घरात एकच लेक, आणि कोइंबतूर म्हणजे काही शेजारची गल्ली नव्हे. "मग आतां तूं जाणार म्हण की," मी टोमणा मारला. "आतां पाण्याची फेरी असते," ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. मी खोदखोदून विचारलं, पण एकदा तोंड मिटलं की आमच्या घरातल्या बायका कुलूप असतात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडा टाकून फोन बघत बसले. खेळाचं ते नाव शोधलं आणि व्हिडिओंचा धबधबा सुटला. कुठल्या कुठल्या मुली! एक बर्फात उभी होती, टोपीतून केस बाहेर आलेले, समोर गोठलेलं तळं. एक केळीच्या बागेत कालव्याच्या काठावर. एक डोक्याला रुमाल बांधलेली, मासेमारीच्या धक्क्यावर. एकीच्या समोर पाणी म्हणून नुसती गच्चीवरची टाकी. सगळ्या पाठमोऱ्या. कोणाचा चेहरा दिसत नाही, कोणाची आई दिसत नाही, नुसता मागून आवाज येतो, माहीत नसलेल्या भाषेत, माहीत नसलेलं नाव. पहिली हाक प्रत्येकीची निराळी, कोणी लाडात, कोणी कंटाळून, कोणी घास चावता चावता. दुसरीत राग, तोही ज्याच्या त्याच्या देशाचा. पण तिसरी हाक, काय सांगू, तिसरी सगळीकडे एकच होती. बर्फातल्या आईची, केळीच्या बागेतल्या आईची, धक्क्यावरच्या आईची. भाषा गळून पडते, नावसुद्धा गळून पडतं, उरतो तो एक आवाज. माझ्या अंगावर काटा आला. देवळात दिवे लागताना दार उघडतं तेव्हा येतो तसा. मी भात तसाच ठेवून एकामागून एक बघत राहिले. आणि शेवटी महामहम तळं आलं, निम्मी सुटलेली वेणी आली, आणि तो आवाज माझ्या तोंडून आला. पुढची पाळी कोणाची, बाकांवरची माणसं मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होती. मी फोन पालथा ठेवला आणि नाव पुकारलं.

हा नियम मला नवा नव्हता, हेच तर मोठं नवल. माझं माहेर तिरुविडैमरुदूरचं. आमच्या आईनं, मीनाक्षीबाईनं, मला बजावून ठेवलं होतं, बाहेरून कोणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ देऊं नको, दुसरीला देऊं नको. जें बोलावूं नये तें आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतं, पण त्याला तिसरी हाक मारतां येत नाही. तिसरी फक्त खऱ्या माणसालाच मारतां येते. मी विचारायची, कोणी सांगितलं? ती म्हणायची, सांगणार कोण, आहे तसं. आमच्या वाडवडलांनी तंजावरच्या राजांच्या मागोमाग येताना काय काय आणलं आणि वाटेत काय काय टाकलं देव जाणे, पण हे गाठोड्यात आलं होतं. आणि आता तेच, कोणी न काढता, बर्फातून आणि केळीच्या बागेतून फिरून माझ्या मुलीकडं आलं होतं. माझ्या आईच्या तोंडचं वाक्य माझ्या मुलीनं उच्चारलं होतं, फक्त शब्द बदलून. आहे तसं. आला. पोरींना आपण समजतो फोनच्या नादी लागलेल्या. त्या कोणाच्या नादी लागल्या आहेत हे त्यांना तरी कुठं ठाऊक आहे?

आईचा आणखी एक दंडक होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हा तसा सगळ्यांकडंच असतो, पण आमची आई त्याचं पुढचं पाऊलही पाळायची. बाबा चष्मा विसरून निघाले की ती हाक मारायची नाही. चष्मा पदराखाली घेऊन परसाच्या दारानं बाहेर पडायची, मागच्या गल्लीतून लगबगीनं जायची आणि बाबा कोपऱ्यावर पोचायच्या आत त्यांच्या समोर उभी राहायची. समोर जाऊन बोलावं. त्यात वाट तुटत नाही. बाबांना त्याची इतकी सवय झाली होती की काही विसरलं आहे असं वाटलं तर ते कोपऱ्यावर नुसते थांबत. लग्न करून मी निघाले तेव्हा मी कंगवा मुद्दाम विसरले. हस्तिदंती वगैरे नव्हे, साधा शिंगाचा, एक दात मोडलेला. दारात आई ओठ घट्ट मिटून उभी होती. पाठीमागून हाक येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मोटारीपर्यंत मी इतकी सावकाश चालले की सासूबाईंना वाटलं पायात काटा भरला. मग मी कोपऱ्याची वाट बघत बसले. पण रस्त्यात रथोत्सवाचा मांडव घातला होता, ड्रायव्हरनं मोटार दुसऱ्या बाजूनं काढली, कोपरा आलाच नाही. पुष्कळ वर्षांनी, हरिणी रांगत होती तेव्हा, आई डाळ निवडता निवडता म्हणाली, "मी कोपऱ्यावर कंगवा घेऊन उभी होतें. तुमची मोटार आली कोठें?" मग तिनं डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला आणि विषय बदलला. आता आई नाही, घर विकलं, कंगवा माझ्याकडं आहे.

मग तो शनिवार. हरिणी अभ्यासाला म्हणून शिवकामीकडं गेली होती. शिवकामी तिरुविडैमरुदूरलाच राहते, त्यामुळं मी खुशीनं पाठवलं. दवाखान्यात दुपारी जरा मोकळीक मिळाली म्हणून फोन उघडला तर शिवकामीनं नुकताच एक फोटो टाकलेला. नदीचा घाट, वर कान तुटलेला दगडी नंदी, आणि खाली तमिळमध्ये, आज कावेरी, हरिणीची शेवटची फेरी. त्याखाली नियमही होता. प्रत्येक हाकेला एक पायरी खाली, वळायचं नाही. त्या नंदीचा तो तुटका कान मी लहानपणी चाचपून गुळगुळीत केलेला आहे. आणि तो घाट मला पायांनी पाठ आहे. मी लहान असताना आलेल्या पुरात त्याची तळाची पायरी वाहून गेली, तिथून पुढं एकदम खोल. आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, आत्ता आहे तसं नदीला नवं पाणी येतं तेव्हा ते इतकं गढूळ असतं की काही दिसत नाही. गावच्या जुन्या बायका पाऊल तिरकं टाकून चाचपतात. हरिणीला हे माहीत नव्हतं. लहानपणी ती माझा हात धरून वरच्याच पायऱ्यांवर न्हायलेली. मी फोन लावला, तिनं घेतला नाही. शिवकामीनं घेतला नाही. कोणाला काही न सांगता उठले. मागं कोणी तरी मिटल्या डोळ्यांनी विचारत होतं, अम्मा, माझं नाव झालं का?

बस भरलेली होती. मी उभी होते आणि मनात फक्त पायऱ्या. रागवायचं, ओढून आणायचं, फोन नदीत फेकायचा, असलं काही मनात आलं नाही. मनात येत होती ती बर्फातल्या मुलीची पाठ. आणि मधेच हेही, की हिला जायचं आहे म्हणून ही हे करते आहे, आणि मी हो म्हटलं असतं तर करावं लागलं नसतं. बस देवळाजवळ थांबली. मी पळत नदीच्या रस्त्याला लागले आणि घाटाच्या तोंडाशी आले तेव्हा मला माझीच हाक ऐकू आली.

"हरिणी!"

मी जागच्या जागी थिजले. ती माझी हाक होती, भाजीची पिशवी हातात असतानाची, चल घरी म्हणणारी. नंदीच्या पाठीवर एक लहानसा स्पीकर ठेवला होता, शेजारी शिवकामी फोन धरून. आणि खाली हरिणी. तिच्या घोट्यांवर पाणी होतं. माझ्या आवाजाबरोबर ती एक पायरी उतरली. जें बोलावूं नये तें आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतं. आईनं सांगितलं होतं ते ऐन दुपारी माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि बोलावणारी मीच होते. मी ओरडले असते तर ती आणखी एक हाक झाली असती. ती आणखी उतरली असती. शिवकामीच्या हातातला फोन हिसकावावा, हे साधं शहाणपण मला सुचायला हवं होतं. कोणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण माझे पाय आधीच गल्लीत वळले होते. आमच्या विकलेल्या घराच्या परसामागून ती गल्ली जाते, तशीच अरुंद, कोणी तरी वाळत घातलेली लुंगी तोंडावर आली, आणि मी बाजूच्या पायऱ्यांनी पाण्यात उतरले. समोर जाऊन बोलावं. दुसरं काही मला येतच नव्हतं.

पाणी गार होतं आणि ओढ होती. साडी फुगून वर आली, मी ती मुठीत धरून शेवटच्या शाबूत पायरीवरून एकेक पाऊल चाचपत तिच्या बाजूला सरकले. तेवढ्यात दुसरी हाक आली, रागाची, आणि हरिणी आणखी एक पायरी उतरली, माझ्याच पायरीवर आली. मग मी तिच्या समोर पोचले. माझ्या पायांखाली शेवटचा दगड, बोटांना त्याची कड लागत होती, कडेच्या पलीकडं काही नव्हतं. तिच्या आणि त्या नसलेल्या पायरीच्या मधे आता मी होते. तिनं मला पाहिलं. तोंड उघडं पडलं. मला एवढंच म्हणायचं होतं, खाली पायरी नाही, वर चल. समोर उभं राहून म्हणायचं होतं, दंडकाप्रमाणं. आणि त्याच वेळी नंदीवरून तिसरी हाक आली.

"हरिणी गे!"

ती मी पहिल्यांदा समोरून ऐकली. ज्याच्यासाठी मारली त्याच्या जागेवरून. असा आवाज माझ्यात आहे हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी या मुलीला एवढी धरून आहे. हे ऐकल्यावर ही कुठंही जाईल, कोइंबतूरला काय आणि त्याच्या पुढं काय, आणि हा आवाज पाठीवर घेऊन जाईल, आणि पडणार नाही. पोरी वळत का नाहीत ते मला कळलं. वळलं तर हाक संपते. त्यांना ती शेवटपर्यंत ऐकायची असते. आणि मला एकदम माझी मोटारीपर्यंतची वाट आठवली, दारापासून सावकाश सावकाश टाकलेलं एकेक पाऊल, पाठीवर काहीच न येणारं. बोलायचं होतं ते तोंडात राहिलं. मी वळले. हरिणीकडं पाठ केली, नदीकडं तोंड केलं आणि कडेवर उभी राहिले. का, ते मला विचारू नका. बाईमाणूस, आईमाणूस, शहाणं माणूस असं करत नाही.

"अम्मा," मागून हरिणी म्हणाली. दबक्या आवाजात, मैत्रीण बघते आहे म्हणून लाजल्यासारखी. पाणी समोरून मोठ्यानं वाहत होतं, गढूळ, त्यात कोणी तरी आडीची पूजा करून सोडलेली पिवळी दोरी आणि झेंडू. मी वळले नाही.

"अम्मा! काय करतेस? वर ये म्हणते ना!" हे तमिळमध्ये, आणि रागानं. अगदी माझाच राग. माझी सगळी पाठ कान झाली होती. दगडाच्या कडेवर बोटं घट्ट रोवली होती, आणि मी बाईसारखी बाई, बेचाळीस वर्षांची, उघड्या नदीत लहान मुलीसारखी वाट बघत होते. शिवकामीनं स्पीकर बंद केला असावा, कारण आता पाण्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

मग ती आली. तमिळ नाही, घरची, उंबरठ्याच्या आतली, उघड्या घाटावर, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. तिच्यात बर्फातली आई होती, धक्क्यावरची आई होती, कोपऱ्यावर कंगवा घेऊन उभी असलेली माझी आई होती. खऱ्या माणसालाच मारता येते ती.

"आई! आई गे! वळ गे!"

"ओ," मी म्हटलं, आणि वळले.